अभ्यासपाठ : घरी मराठी, शाळेत तेलुगू आणि प्रार्थनेत मागं बसणारी आपली पोरं



या वेळच्या अभ्यासाचा विषय आम्ही ग्रंथातून काढलेला नाही. गावोगावच्या उपासकांकडून जे निरोप येतात त्यातून तो निघाला आहे. बेला, जैनथ, बोथ, इंद्रवेल्ली, कुठूनही निरोप आला तरी तक्रार एकच असते. सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला म्हातारी माणसं येतात, बायाबापड्या येतात, पाचवी-सहावीपर्यंतची लेकरंही आजीचं बोट धरून येतात. त्यानंतरची पोरं मात्र गळतात. आली तरी मागच्या सतरंजीवर बसून नुसते ओठ हलवतात.

कोणी म्हणतं मोबाईलनं नासवलं, कोणी म्हणतं सिनेमानं. आम्ही पोरांनाच बाजूला घेऊन विचारलं. उत्तर फार साधं निघालं. त्यातल्या पुष्कळांना भजनाचं पुस्तक वाचताच येत नाही. घरी मराठी बोलतात, पण शाळा तेलुगू नाहीतर इंग्रजी माध्यमाची. देवनागरीशी त्यांची ओळख हिंदीच्या तासापुरती, आणि ती ओळखही दहावीनंतर सुटली. चार लोकांत पुस्तक हातात आलं की अडखळायला होतं, कोणीतरी काका मोठ्यानं म्हणतो, "काहून रे, मराठी असून मराठी वाचता येत नाही?" दुसऱ्या दिवशी तो पोरगा येत नाही.

म्हणजे हा प्रश्न श्रद्धेचा नाही. दोन भाषांच्या मधे वाढणाऱ्या लेकराला आपण कुठं बसवतो, याचा आहे. तोच आजचा अभ्यास.

*आपण इथले की तिथले?*

परदेशात गेलेल्या कुटुंबांच्या मुलांबद्दल हल्ली बरंच लिहिलं-बोललं जातं. घरात एक संस्कृती, बाहेर दुसरी, मग त्या लेकरानं स्वतःला काय म्हणायचं? आपल्याला त्यासाठी विमानात बसायची गरज पडली नाही. आपल्यातल्या पुष्कळ घरांनी तर गावही सोडलं नाही. सीमाच घरावरून गेली.

तरुणांना हे कोणी सांगत नाही, म्हणून थोडक्यात. आदिलाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. 1948 च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झालं. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यरचना झाली तेव्हा याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात आला. एका रात्रीत एकाच जिल्ह्यातले सोयरे दोन राज्यांचे झाले. पुढं 2 जून 2014 ला तेलंगणा झालं आणि 2016 च्या ऑक्टोबरात जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. एखादी आजी एकाच घरात बसून निजामाची प्रजा, मग हैदराबाद राज्य, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा अशा चार कारभारांची रहिवासी झाली. चूल तीच होती.

बाकीची घरं नंतर आली. कोणी यवतमाळ-चंद्रपूरकडून कापसाच्या कामाला, कोणी 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून जमिनीच्या शोधात. लग्न होऊन आलेल्या लेकी तर दरवर्षीच्या. जिवती तालुका आणि केरामेरी मंडलाच्या मधली परमडोली, मुकदमगुडा वगैरे चौदा गावं सगळ्यांना माहीत आहेत. दोन्ही राज्यं त्या गावांवर हक्क सांगतात, तिथल्या लोकांकडं दोन राज्यांची मतदान कार्डं, दोन रेशनकार्डं, गावात एक मराठी शाळा आणि एक तेलुगू शाळा. वर्तमानपत्रवाल्यांना त्याची मौज वाटते. पण कागदावर जे त्या चौदा गावांचं आहे, ते मनात आपल्या बहुतेक तरुणांचं आहे.

*दोन्हीकडून टोमणा*

हैदराबादला इंजिनिअरिंगला किंवा नर्सिंगला गेलेलं आपलं लेकरू वसतिगृहात 'महाराष्ट्रवाला' ठरतं. त्याच्या तेलुगूतला मराठी हेल पकडून हसतात. सुट्टीत तेच लेकरू नांदेडला मामाकडं गेलं की मामेभाऊ म्हणतात, आला तेलंगी. पुण्याला नोकरीला गेलं तर 'मले-तुले', 'करून राहिलो' ऐकून तिथले मराठी लोकच विचारतात, तुझी मातृभाषा कोणती? एका मुलीनं आम्हाला सांगितलं की पुण्यात ती मुद्दाम हिंदीतच बोलते, म्हणजे कोणी काही विचारत नाही. मराठी घरातली मुलगी मराठी मुलखात मराठी लपवते. हे ऐकून आम्हाला वाईट वाटलं.

या टोमण्यांवर आपण मोठी माणसं औषध काय देतो? बरीच घरं दोनपैकी एक करतात. काही म्हणतात, पोटाला तेलुगू-इंग्रजी लागते, मराठी सोडा. घरातही लेकरांशी मोडक्यातोडक्या तेलुगूत नाहीतर इंग्रजीत बोलतात. काही नेमकं उलटं करतात. तेलुगू बोललं की डोळे वटारतात, बतुकम्मा खेळायला गेलेल्या लेकीला "ते आपलं नाही" म्हणून परत बोलावतात. दोन्ही घरांतलं लेकरू एकच गोष्ट शिकतं, की माझ्यातला एक भाग लपवायचा असतो.

आमचं म्हणणं, इथं हिशोबच चुकीचा मांडला जातो. अर्धं मराठी आणि अर्धं तेलुगू, म्हणून दोन्हीकडं कमी, असा तो हिशोब. औताला दोन बैल जुंपले म्हणून कोणी त्याला अर्धं-अर्धं औत म्हणत नाही. एक बैल दुसऱ्यापेक्षा उंच असला तर जू कसं बांधायचं हे मात्र शेतकऱ्याला कळावं लागतं. आपल्या घरांत ते बांधणं राहून गेलेलं आहे.

*वंदनीय महाराजांकडं पाहू*

महाराजांचा जन्म 1909 चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. बोली वऱ्हाडी. ग्रामगीता त्यांनी मराठीत, सोप्या ओवीत लिहिली, कारण ज्या गावाला उठवायचं होतं ते गाव मराठी बोलत होतं. पण भजनं? ती त्यांनी मराठीतही रचली आणि हिंदीतही, आणि दोन्ही शेकड्यांनी. जिथं श्रोता हिंदी समजणारा तिथं खंजिरी तीच आणि भजन हिंदी. 1955 साली जपानला विश्वधर्म परिषदेला गेले तेव्हाही खंजिरी सोबत होतीच. हिंदी भजन म्हटल्यानं आपलं मराठीपण कमी झालं असं त्यांना कधी वाटल्याचं दिसत नाही. मराठीला चिकटून बसलो नाही तर बाटू, अशी धास्तीही दिसत नाही. ऐकणारा कोण आहे, हा प्रश्न त्यांच्याकडं आधी येतो.

हा प्रश्न आपल्या मंडळांत विचारून पाहा. आज मागच्या सतरंजीवर बसलेला ऐकणारा कोण आहे? त्याची शाळा तेलुगूतली आहे.

आणि ज्यांना वाटतं की विठोबाला तेलुगू कळत नाही, त्यांच्यासाठी एक माहिती. सोळाव्या शतकात तेनाली रामकृष्ण कवीनं पंढरपूरच्या पांडुरंगावर तेलुगूत आख्खं महाकाव्य लिहिलं आहे, 'पांडुरंग माहात्म्यमु'. 1957 साली पुंडलिकाच्या कथेवर तेलुगू सिनेमाही निघाला, त्यात एन. टी. रामाराव होते. आपल्या शेजारच्या तेलुगू घरातल्या आजीला पुंडलिक माहीत असतो तो त्यामुळं. नामदेव महाराजांची 61 पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत, आणि पंजाबातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे. तिथली माणसं नामदेवांना परका मराठी संत म्हणत नाहीत.

*पुस्तिकेचा वाद*

आता मुद्द्याचं. भजनं आणि प्रार्थना तेलुगू लिपीत लिहून द्यावी, अशी मागणी काही गावांतल्या तरुणांनी केली. शब्द मराठीच, फक्त अक्षरं तेलुगू. त्यावर ज्येष्ठ उपासकांत बरीच बोलाचाली झाली. आक्षेप दोन. एक, उच्चार बिघडतील. दोन, सोय मिळाली की पोरं देवनागरी कधीच शिकणार नाहीत. दोन्ही आक्षेप प्रेमापोटी आहेत, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं.

उच्चाराचं घ्या. आम्ही काही भजनं तेलुगू अक्षरांत उतरवून पाहिली. 'ळ' तेलुगूत आहे, त्यामुळं 'काळ', 'वेळ', 'माउली कळवळली' सगळं सरळ उतरतं. हिंदी शिकलेल्या माणसाची जीभ तिथं अडते, तेलुगू पोराची अडत नाही. 'चमचा' मधले दोन 'च' वेगळे आहेत हे मराठीत आपण कुठं लिहून दाखवतो? तोंडानंच शिकतो. तेलुगूतही 'च' आणि 'ज' यांचे तसेच दोन-दोन उच्चार आहेत आणि तेही बोलूनच शिकतात. या बाबतीत दोन्ही भाषा एका विहिरीचं पाणी प्यालेल्या दिसतात.

अडचणी आहेत त्या दुसरीकडं. तेलुगूत 'ए' आणि 'ओ' यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन प्रकार आहेत, मराठीत तसा भेद लिहीत नाहीत. म्हणून लिहिताना दीर्घ चिन्हच वापरायचं, नाहीतर 'देव' चा 'दे' तोकडा होतो. महाप्राण अक्षरं तेलुगू लिपीत आहेत, पण रोजच्या बोलण्यात पुष्कळदा गळतात, 'भजन' चं 'बजन' होतं. तिथं म्हणवून घ्यावं लागेल. तिसरी गोष्ट शब्दाच्या शेवटी. आपण 'राम' लिहितो आणि 'राम्' म्हणतो. तेलुगू वाचणारा शेवटच्या अक्षरातला 'अ' पूर्ण म्हणतो. वाचताना ते कानाला खटकतं खरं. पण अभंग गाताना आपणसुद्धा शेवटचा 'अ' पूर्णच लावतो की! चालीवर म्हटलं तर त्या पोराचं आपोआप बरोबर येतं. आमच्यातल्या एका जुन्या टाळकऱ्यांनी हे ऐकून सांगितलं की मग पोरांना आधी चाल द्या, पुस्तक मागून द्या. त्यांचं म्हणणं आम्हाला पटलं.

दुसरा आक्षेप जड आहे. सोय कायमची झाली तर लिपी जाईल, हे खरं. म्हणून पुस्तिका दोन पानी करायची ठरली. डाव्या पानावर देवनागरी, उजव्या पानावर तेच भजन तेलुगू अक्षरांत, ओळीला ओळ लावून. पोरगं सुरुवातीला उजवीकडं बघेल. भजन पाठ झालं की डावीकडं बघायला सांगायचं. शब्द ओळखीचा असला की अनोळखी अक्षर लवकर सापडतं. 'अ आ इ ई' पासून पुन्हा सुरुवात करायला सतरा वर्षांच्या पोराला लाज वाटते, भजनातून शिकायला वाटत नाही.

बासरच्या सरस्वतीपुढं अक्षराभ्यासाला तेलुगू घरं लेकरं घेऊन येतात, तशी मराठी घरंही येतात. गोदाकाठी मांडीवर बसवून त्या लेकराच्या हातानं पहिलं अक्षर काढून घेतात. देवी कोणत्या लिपीवर रागावते असं आजवर ऐकलेलं नाही. घरी आल्यावर त्याच पाटीवर एकदा इकडचं आणि एकदा तिकडचं अक्षर गिरवायला दोन मिनिटं लागतात. ज्यांच्या घरी लहान लेकरू आहे त्यांनी तिथूनच सुरू करावं, म्हणजे सतराव्या वर्षी पुस्तिकेची गरज उरणार नाही.

*आपलं काय आणि त्यांचं काय*

सणांच्या बाबतीत आपल्या घरांत जी ओढाताण होते तिचं आम्हाला नवल वाटतं. कारण पंचांग उघडलं की दिसतं, ओढाताणीला जागाच कमी आहे. मराठी आणि तेलुगू दोन्ही पंचांगं अमावास्येला महिना संपवतात, दोन्हीकडं शालिवाहन शक. म्हणून आपला गुढीपाडवा आणि त्यांची उगादी एकाच दिवशी येते. आपण कडुनिंबाचा पाला गुळासोबत खातो, ते निंबाची फुलं, कैरी, चिंच, गूळ घालून पच्चडी करतात. कडू दोन्हीकडं तेच. आपल्या बऱ्याच घरांत त्या दिवशी गुढीही उभी राहते आणि पच्चडीची वाटीही फिरते, आणि ते कोणी ठरवून केलेलं नाही.

भाद्रपद अमावास्येपासून बतुकम्मा सुरू होते, फुलांची उतरंड रचून बाया-मुली फेर धरतात. त्याच सुमाराला, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, विदर्भात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, फेर धरतात, खिरापत ओळखतात. आता ज्या आजीनं माहेरी भुलाबाई मांडली तिनं नातीला बतुकम्मापासून अडवावं, हे काही बरं नाही. उलट एका संध्याकाळी दोन्ही गाणी होऊ द्या. आजीला भुलाबाईची गाणी म्हणायला निमित्त मिळेल आणि नातीला कळेल की फेर धरणं तिला दोन्ही बाजूंनी वारशात मिळालं आहे.

शब्दांचंही तेच. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत तेलुगूतून आलेले शब्द म्हणून बंडी, शिकेकाई, किडूकमिडूक, अनारसा अशी यादी असते. दिवाळीचा अनारसा ज्याला शुद्ध मराठी वाटतो त्यानं ती यादी जरूर बघावी. बापाच्या बहिणीला आपण आत्या म्हणतो, ते अत्ता म्हणतात. मामा दोन्हीकडं मामाच, अक्का दोन्हीकडं अक्काच. आपली अंबाडी तीच त्यांची पुंटिकूर. आणि हैदराबादचा जो मित्र आपल्या पोराच्या बोलण्याला हसतो, तो स्वतः दिवसातून शंभर वेळा 'नक्को' म्हणतो. तो 'नक्को' दखनी बोलीत मराठीतल्या 'नको' वरून गेलेला आहे. पोराला हे माहीत असलं तर तो वसतिगृहात मान खाली घालणार नाही. हसणाऱ्यालाही हसून सांगेल.

*तेलुगू नीट आली पाहिजे*

इथं आमच्यातल्या काहींना हे आवडणार नाही, तरी सांगतो. मराठी टिकवायची म्हणजे तेलुगू कच्ची ठेवायची, असा अर्थ काही घरांनी काढला आहे. त्याचं नुकसान लेकरं भोगतात. तेलंगणात 2018 च्या कायद्यानं शाळांत पहिली ते दहावी तेलुगू शिकवणं सक्तीचं आहे. तहसील, पोलीस ठाणं, पीककर्ज, रेशन, सगळीकडं तेलुगू. मराठी माध्यमाच्या शाळा या जिल्ह्यात आहेत, राज्यघटनेचं कलम 350-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगतं, आणि त्या शाळा टिकाव्या म्हणून पालकांनी आग्रह धरायलाच हवा. पण मराठी शाळेतल्या लेकराची तेलुगू इतरांइतकीच पक्की झाली नाही, तर दहावीनंतर ते लेकरू उंबऱ्यावरच अडकतं.

याहून मोठी गोष्ट घरातली आहे. यवतमाळ किंवा नांदेडकडून लग्न होऊन आलेली सून. तिला तेलुगू येत नाही. दहा वर्षांचा मुलगा दवाखान्यात तिच्यासोबत जातो आणि डॉक्टरीणबाई काय विचारतात ते आईला सांगतो, आईला काय होतं ते डॉक्टरीणबाईंना सांगतो. जे आईनं मुलासमोर बोलू नये ते त्याच्या तोंडून बोललं जातं, नाहीतर ती बोलतच नाही आणि दुखणं अंगावर काढते. शाळेच्या पालकसभेत तर स्वतःच्याच तक्रारीचं भाषांतर तो पोरगा करतो. तिथं काय गाळायचं हे तो बरोबर जाणतो! यावर आपण हसतो, पण त्या आईचा घरातला शब्द त्या दिवसापासून हलका होतो. पोराला वाटायला लागतं की आईला काही कळत नाही, आणि मग आईची भाषाही त्याला कमी वाटते.

म्हणून आमचं आग्रहाचं सांगणं आहे की महिला मंडळांनी नव्या सुनांसाठी दुपारी तासभर बोलण्यापुरती तेलुगू शिकवावी. शिकवायला शेजारची तेलुगू अक्का पुरे. दवाखाना, बाजार, शाळा, बस, एवढ्या चार ठिकाणची वाक्यं आली तरी पुष्कळ. आई दवाखान्यात स्वतः बोलली की पोराला तिची मराठी ऐकायलाही बरं वाटेल.

तरुणांना एक नाव सांगून ठेवतो, सेतुमाधवराव पगडी (1910–1994). मराठी माणूस, हैदराबाद संस्थानात अधिकारी. आदिलाबादच्या गोंडांमधे काम केलं, गोंडी आणि कोलामी शिकून त्यांची व्याकरणं लिहिली, इथल्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. तेलुगू, उर्दू, फारसी येत होती. त्याच फारसीच्या बळावर पुढं शिवकाळाचा इतिहास मराठीत मांडला. 1992 ला पद्मभूषण मिळालं. इतक्या भाषा शिकून त्यांची मराठी पातळ झाली नाही. उलट मराठीला त्यांनी दिलं ते इतर भाषांतून आणून दिलं. आपल्या जिल्ह्यात मराठी आणि तेलुगूच्या आधी गोंडी आणि कोलामी आहे, हेही यानिमित्तानं ध्यानात असू द्या. केसलापूरच्या नागोबाला आपण जत्रेला जातो, तिथं पाहुणे आपणच असतो.

*समुद्रापलीकडचं एक उदाहरण*

एकोणिसाव्या शतकात कोकणातून पुष्कळ मराठी माणसं मॉरिशसला उसाच्या मळ्यांत कामाला गेली. आज तिथं त्यांच्या नातवंडा-पणतवंडांची घरातली बोली बहुतेक क्रिओल आहे. तरी गणेशचतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते, आरत्या मराठीत होतात, शाळांत मराठी हा विषय घेता येतो. त्याकडं दोन तऱ्हांनी बघता येतं. एक, बोलणं गेलं तरी भजनानं धागा धरून ठेवला. दुसरी, धागा राहिला पण आजीशी गप्पा मारायची भाषा गेली. आपल्याकडं अजून आजी आहे, आणि ती मराठीत रागावते. मॉरिशसच्या लोकांना जे मोठ्या मेहनतीनं शाळेत शिकावं लागतं ते आपल्या ओसरीवर फुकट मिळतंय. तेवढं सोडून आपण पोरांना पुस्तक येत नाही म्हणून ओरडत बसतो.

*मंडळांनी काय करायचं*

दोन पानी पुस्तिकेचा पहिला भाग, सामुदायिक प्रार्थना आणि बारा भजनं, तयार आहे. या गटावर तो येईल. छापून घ्यायचा असेल त्यांनी गावातच छापावा, पैसे गोळा करून मध्यवर्ती छपाईची वाट बघू नये. तेलुगू पानातल्या चुका तपासायला प्रत्येक गावातून तेलुगू माध्यमात शिकलेली दोन पोरं नेमावी. ज्येष्ठांनी देवनागरी पान तपासावं, आणि ही तपासणी एकाच सतरंजीवर बसून व्हावी. आजवर पोरांना चूक काय ते मोठे सांगत होते, इथं एका पानाची चूक पोरं सांगतील.

प्रार्थनेनंतरची पाच मिनिटं तरुणाला द्यावी. ग्रामगीतेतल्या त्या दिवशीच्या वाचनाचा अर्थ त्यानं तेलुगूत सांगावा. गावात तेलुगू शेजारी असतात, ओट्यावर बसून आपली प्रार्थना वर्षानुवर्षं ऐकतात, पण त्यांना अर्थ कधी कोणी सांगितला नाही. हे काम म्हाताऱ्यांना जमणार नाही, पोरांनाच जमेल. अर्थ सांगायचा तर आधी मराठी नीट समजून घ्यावी लागेल, आजीला विचारावं लागेल. ज्या मंडळात कोणी तयार होणार नाही तिथं जबरदस्ती नको, नुसतं विचारून ठेवा. आणि टोमणा मारणाऱ्या काकांना कोणीतरी आधीच बाजूला घेऊन समजावून ठेवा.

उन्हाळी सुसंस्कार शिबिरात यंदा रोज एक तास दोन्ही लिप्यांचा असेल. नावनोंदणी करताना मुलाची शाळा कोणत्या माध्यमाची आहे ते लिहावं, त्यावरून गट पाडता येतील.

पुढच्या बैठकीत चर्चेला प्रश्न : तुमच्या घरात लेकरू कोणत्या भाषेत रडतं, कोणत्या भाषेत भांडतं आणि कोणत्या भाषेत हिशोब करतं? उत्तर मोठ्यांनी द्यायचं नाही, लेकरांना विचारून यायचं. तरुणांसाठी वेगळा प्रश्न : आजीचा असा एक शब्द आणा जो तुमच्या मित्रांना समजत नाही, आणि मित्राचा असा एक शब्द आणा जो आजीला समजत नाही. दोन्ही एकाच कागदावर, दोन्ही लिप्यांत लिहून आणायचे. कागद जमा होतील, त्यातले निवडक शब्द पुढच्या पाठात देऊ.

जय गुरु 🙏